"व्हायरल लोड दिसत नाही, आता गोळ्यांना सुट्टी द्या" म्हणे!

परवा एका मित्राने हा फॉरवर्ड पाठवला, खाली फक्त "खरं आहे का रे?" तो स्वतः एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्यांवर आहे म्हणून डोकं सटकलं, नाहीतर असलं काही मी न वाचताच उडवतो. मेसेज असा: रिपोर्टमध्ये व्हायरस दिसला नाही म्हणजे एचआयव्ही गेला, मग सहा महिन्यांनी एकदा महिनाभर गोळ्या बंद ठेवून शरीराला विश्रांती द्या नाहीतर किडनी जाते, आणि एआरटी सेंटरमधले काउन्सेलर नुसत्या गोळ्या मोजतात.

गेला वगैरे काही नसतो. काही पेशींत तो दडून बसलेला असतो, गोळ्या थांबल्या की बहुतेकांत काही आठवड्यांत व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला व्हायरस, परत वर.

आता ती विश्रांती. अरे, हे करून बघितलंय लोकांनी! स्मार्ट नावाची ट्रायल, 33 देश, 5472 पेशंट. निम्म्यांच्या गोळ्या सीडीफोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) 350 च्या वर असताना बंद, 250 च्या खाली आला की परत चालू. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हां, व्हॉट्सॲपवर विचारून नाही. तरी गोळ्या थांबवणाऱ्यांत गंभीर आजार आणि मृत्यू अडीच पटीहून जास्त निघाले, म्हणून 2006 च्या जानेवारीत ती ट्रायल मधेच थांबवावी लागली. आणि गंमत म्हणजे हार्ट, किडनी, लिव्हरचे मोठे त्रासपण गोळ्या थांबवणाऱ्यांतच जास्त. म्हणजे जी किडनी वाचवायला निघालात तीच.

किडनीचं अगदीच खोटं नाही, मान्य. एआरटीतल्या टेनोफोव्हिर या औषधाने काहींना त्रास होतो, म्हणूनच रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून किडनीचं काम कळतं) तपासतात, गरज पडली तर औषध बदलतात. बदलतात, बंद नाही करत.

राहिले काउन्सेलर. गोळ्या मोजतात, बरोबर, कारण उरलेल्या गोळ्यांवरून कळतं की कुठेतरी अडलंय, मग विचारणं सुरू होतं. घरात कोणाला माहितीये? नाइट शिफ्ट असली की कधी घेता? सासूला कळू नये म्हणून बाटलीचं लेबल खरवडून गोळ्या दुसऱ्याच डबीत ठेवणारी बाई डॉक्टरला दोन मिनिटांत हे सांगणारे का? ऊसतोडीला निघालेल्याला गोळ्या कुठे मिळणार, हेपण तिथेच ठरतं. आणि चार दिवस चुकलेला माणूस ओरडा बसेल म्हणून सेंटरला यायचंच बंद करतो, त्याला फोन करून "या, परत चालू करू" म्हणणारं कोणीतरी लागतं ना.

मित्राला एवढंच लिहिलं, आजची घेतलीस का? नसेल तर आधी घे, मग बोलू.