चर्चचा कर आणि मंडळीची वर्गणी

महाराष्ट्रात चर्चचा विषय निघाला की बोलणे दोनच वाटांनी जाते. बाहेरचे लोक धर्मांतरावर बोलतात आणि आतले लोक ट्रस्टच्या जमिनींवर. २०२५च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध कायदा करता येईल का हे पाहण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये विधानसभेत धुळे-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यातील अनधिकृत चर्च पाडण्याची घोषणा झाली. तेव्हापासून पहिली वाट फारच गजबजली आहे. मी नाशिकचा, शरणपूर भागात वाढलेला मराठी ख्रिस्ती आहे आणि बरीच वर्षे जर्मनीत स्टुटगार्टजवळ नोकरी करतो. सातपूरला बॉशचा कारखाना असल्यामुळे या शहराचे नाव नाशिकच्या अनेक घरांना पूर्वीपासून परिचयाचे आहे, तेव्हा माझे इथे येणे काही जगावेगळे नव्हे. इथे बसून गावाकडचे वाद वाचताना एक गोष्ट सतत खटकते. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्यापेक्षाही कमी आहेत. एवढ्या लहान समाजाविषयी इतके बोलले जाते, पण ही माणसे रविवारी सकाळी जमून नेमके करतात काय आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे टिकून का राहतात, हे विचारायला कोणाला सवड नसते.

जर्मनीत चर्चशी माझा पहिला संबंध आला तो उपासनेत नव्हे, तर पगाराच्या पावतीवर. इथे राहायला आलेल्या प्रत्येकाला पत्त्याची नोंद करावी लागते आणि त्या अर्जात धर्माचा रकाना असतो. मी प्रोटेस्टंट असे लिहिले आणि पहिल्याच पगारातून चर्चचा कर वजा झाला. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या दोन राज्यांत तो आयकराच्या ८ टक्के असतो, बाकीच्या राज्यांत ९ टक्के. हा टक्का उत्पन्नावर नसून भरलेल्या आयकरावर असतो. तो प्राप्तिकर खातेच गोळा करते आणि आपला वसुलीखर्च कापून घेऊन चर्चकडे वळवते. १९१९च्या राज्यघटनेत चर्चला हा अधिकार मिळाला आणि १९४९च्या घटनेने तो तसाच पुढे चालू ठेवला. त्याशिवाय १८०३ साली राजेरजवाड्यांनी चर्चच्या ज्या मालमत्ता ताब्यात घेतल्या, त्यांच्या भरपाईपोटी बहुतेक राज्य सरकारे आजही दरवर्षी रक्कम देतात. एवढ्या भक्कम आधारावर उभी असलेली चर्च सुस्थितीत असावीत यात नवल नाही. छत गळत नाही, हिवाळ्यात बाकांखाली गरम हवा असते, ऑर्गन सुरात असतो आणि पाळकांचा, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचा, पगार महिन्याच्या महिन्याला होतो.

माणसे मात्र निघून चालली आहेत. २०२३ या एकाच वर्षात कॅथलिक चर्चमधून सुमारे ४ लाख आणि प्रोटेस्टंट चर्चमधून सुमारे ३ लाख ८० हजार लोकांनी नाव काढून घेतले. जे कॅथलिक म्हणून नोंदलेले आहेत, त्यांतले रविवारी मिस्साला, म्हणजे उपासनेला, जाणारे शंभरात सहा-सात भरतात. लैंगिक अत्याचारांची प्रकरणे दडपली गेल्याचा संताप यामागे आहेच आणि तो रास्त आहे, पण माझ्या ओळखीच्या ज्या लोकांनी नाव काढले त्यांतल्या बहुतेकांचे कारण साधे होते. ज्या संस्थेशी वर्षभरात आपला संबंध येत नाही, तिच्यासाठी पगार का कापू द्यायचा? नाव काढल्यावर त्यांच्या आयुष्यात काहीही बदलले नाही. शेजाऱ्याला कळले नाही, नातेवाइकांनी विचारले नाही, पाळकांचे एक छापील पत्र आले तर आले.

नाशिकमध्ये असे होणे शक्य नाही, आणि त्याचे कारण आमची श्रद्धा अधिक खोल आहे हे नाही. कारण इतिहासात आहे. शरणपूर रोड म्हणजे आता कॅफे, दवाखाने आणि महागड्या दुकानांचा रस्ता. त्या नावाची एक ख्रिस्ती वसाहत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीने वसवली होती, हे तिथे गाडी लावायला जागा शोधणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांचे घर सुटत होते, जात सुटत होती, विहिरीवरचे पाणी आणि मेल्यावरची जागासुद्धा सुटत होती. त्यांना धर्मोपदेशाइतकीच राहायला खोलीची, हाताला कामाची आणि पोरांना शाळेची गरज होती. त्याच शरणपुरात अरबी समुद्रावरच्या गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुलेही आणून ठेवली गेली. ती तिथे सुतारकाम, लोहारकाम आणि लिहिणेवाचणे शिकली. त्यांच्यातला जेकब वेनराइट पुढे मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या शोधात निघालेल्या मोहिमेबरोबर आफ्रिकेत गेला, १८७३ साली लिव्हिंग्स्टन वारल्यावर त्याचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत होता, आणि १८७४च्या एप्रिलमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही होता. पुढच्याच वर्षी मोम्बासाजवळ फ्रिअर टाउन ही मुक्त गुलामांची वस्ती उभी राहिली, तिच्यात नाशिकला शिकलेले हे लोक आघाडीवर होते. ज्यांना कुणी नव्हते अशा माणसांनी एकमेकांना धरून राहायचे, या गरजेतून आमची मंडळी, म्हणजे चर्चच्या सभासदांचा समुदाय, तयार झाली. जर्मन मंडळीत माणूस सहसा तान्हेपणीच्या बाप्तिस्म्यानेच दाखल होतो, त्यामुळे बाहेर पडतानाही त्याला काही तोडावे लागत नाही.

ही गरज आज किती उरली आहे, हे दोन वर्षांपूर्वी माझी आत्या गेली तेव्हा दिसले. रात्री साडेदहाला फोन आला आणि अकराच्या आत तिच्या घरी मंडळीतली वीस-पंचवीस माणसे होती, हे मी व्हिडिओ कॉलवर पाहत होतो. एकाने डॉक्टरचा दाखला आणला, दुसऱ्याने कबर खोदणाऱ्याला उठवले, पेटीचे माप घ्यायला कोणी गेले. महिला मंडळाच्या बाया चहाचे पातेले घेऊनच आल्या होत्या. हार्मोनियम आली आणि ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने पहाटेपर्यंत चालली. दुसऱ्या दिवशी चारला दफनविधी झाला. पुढे आठवडाभर आत्याच्या घरची चूल पेटू दिली नाही. डबे कोणी कोणत्या दिवशी द्यायचे याची यादी मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर होती आणि एका बाईंनी मटण पाठवायचे की भाजी यावरून तिथे थोडी धुसफूसही झाली. इथे माझ्या सहकाऱ्याची आई वारली तेव्हा सगळे अंत्यविधी करणाऱ्या कंपनीने नीटसपणे केले, पाळक बाई एकदा घरी येऊन तासभर बोलल्या, आणि दफनाला बारा दिवसांनंतरची तारीख मिळाली. सहकाऱ्याची काही तक्रार नव्हती. त्याला एकट्याने बसायला वेळ मिळाला, आणि आमच्याकडे तोच मिळत नाही, हेही खरे. माझ्या आतेभावाने दहाव्या दिवशी मला वैतागून सांगितले होते, ‘‘अरे, मला जरा रडू तरी देतील का ही माणसे?’’

पैशाचेही तसेच. नाशिकच्या साध्या मंडळीचा संसार वर्गणीवर, रविवारच्या दानाच्या पिशवीवर आणि हंगामाच्या सणावर चालतो. या सणाला लोक आपापल्या घरचे काहीतरी आणतात. द्राक्षांची पेटी, कोथिंबिरीच्या जुड्या, गावठी कोंबडी, घरी केलेला केक, विणलेला रुमाल. उपासनेनंतर आवारात त्यांचा लिलाव होतो. साठ रुपयांचा भोपळा सहाशेला जातो, कारण दोन साडू एकमेकांवर चढाओढ करतात, आणि घेणारा तोच भोपळा पुन्हा लिलावाला देऊन टाकतो. ‘परदेशी पैशावर चालणारी चर्च’ हे शब्द वाचले की मला तो भोपळा आठवतो. परदेशी देणग्यांवर १९७६पासून कायद्याचे नियंत्रण आहे, २०१०मध्ये नवा कायदा आला, आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या खात्यातूनच घेता येते. काही मोठ्या संस्था, रुग्णालये आणि वसतिगृहे ती रीतसर घेतात. गल्लीतल्या मंडळीला घंटेची दोरी बदलायची असेल तर सभासदांकडेच फिरावे लागते.

आता धर्मांतराविरुद्धच्या कायद्याविषयी. उत्तर प्रदेशातल्या २०२१च्या कायद्यात धर्म बदलू इच्छिणाऱ्याने साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवायचे असते, आणि मग पोलिसांकरवी त्याच्या हेतूची चौकशी होते. स्त्रिया, अल्पवयीन आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींच्या बाबतीत शिक्षा अधिक कडक आहे. जर्मनीत धर्माची नोंद सरकारकडे असते, ही गोष्ट मला आजही रुचलेली नाही; कोण कुठल्या देवाला भजतो हे करखात्याला माहीत असण्याचे कारण नाही. तरीही तिथे चर्च सोडायचे तर नोंदणी कार्यालयात जाऊन एक सही करायची, थोडे शुल्क भरायचे आणि घरी यायचे. का सोडता, कोणी फूस लावली, कोणी पैसे दिले, हे विचारण्याचा अधिकार त्या कारकुनाला नाही. नोंद आणि परवानगी यांतला हा फरक आपल्याकडच्या चर्चेत पुसला जातो. सक्ती, फसवणूक, धमकी हे गुन्हे आहेतच आणि त्यांना शिक्षा व्हावी. एखादा उपदेशक आजारी माणसाला औषध बंद करायला सांगत असेल तर त्याच्यावर खटला भरावा, मी टाळ्या वाजवीन. पण प्रौढ माणसाच्या मनाची चौकशी ठाणेदाराने करावी हे मला पटत नाही.

नाशिककरांना तर हे पटायलाच नको. लक्ष्मीबाई टिळक याच मातीतल्या, जलालपूरच्या. नवऱ्याने, म्हणजे रेव्हरंड टिळकांनी, १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांनी आकांत केला, कितीतरी काळ त्या दूर राहिल्या, त्यांनी सोवळे पाळले, आणि मग स्वतः विचार करून, स्वतःशी भांडून, त्या ख्रिस्ती झाल्या. त्यांनी आपला जो प्रवास मराठीत लिहून ठेवला आहे तो वाचलेल्या माणसाला ही बाई कुणाच्या आमिषाला भुलली असे म्हणता येणार नाही. त्या वेळी तसा कायदा असता तर एक स्त्री म्हणून त्यांची समज पुरुषापेक्षा कमी धरली गेली असती. दलित आणि आदिवासी माणसाविषयीही त्यात तेच गृहीत धरलेले आहे.

बाहेरच्यांना इतके सुनावल्यावर आतल्यांनाही काही सांगणे भाग आहे. आमच्या मंडळ्यांत जात संपलेली नाही; लग्न जुळवताना ‘मूळचे कुठले’ हा प्रश्न कशासाठी असतो, हे सगळ्यांना कळते. राष्ट्रपतींच्या १९५०च्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, शिखांना त्या १९५६मध्ये आणि बौद्धांना १९९०मध्ये मिळाल्या, आणि २०२२मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग या प्रश्नावर नेमला गेला. हा अन्याय आहे असे आम्ही सरकारला सांगतो, पण त्यासाठी आधी चर्चमध्ये जात आहे हे मान्य करावे लागते, आणि तिथे आमची वाचा बसते.

दुसरा दोष कारभाराचा आहे, आणि या बाबतीत मी जर्मनांचे अनुकरण करायला तयार आहे. व्युर्टेम्बर्गच्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये दर सहा वर्षांनी स्थानिक मंडळीच्या कमिटीची निवडणूक होते आणि चौदा वर्षांच्या मुलामुलींनाही मत असते. मंडळीचा अंदाजपत्रकाचा कागद ठरावीक दिवस सभासदांना पाहायला ठेवलेला असतो. बाक रिकामे असले तरी हिशेब उघडा आहे. आमच्याकडे बाक भरलेले असतात आणि हिशेबाची वही मात्र कुलपात. धर्मादाय आयुक्तांकडचे खटले, जुन्या बंगल्यांचे भाडेकरार, एकाच घराण्यात फिरणारे सचिवपद, या गोष्टींनी माझ्या पिढीतले कितीतरी लोक वैतागले. त्यांतले काही भाड्याच्या हॉलमध्ये चालणाऱ्या स्वतंत्र प्रार्थना सभांकडे गेले. तिथे ड्रम आणि गिटार असते म्हणून ते गेले असे आमचे ज्येष्ठ म्हणतात. मला वाटते, तिथे आपले दुःख नाव घेऊन कोणीतरी ऐकते आणि आपण नवे आहोत म्हणून मागच्या बाकावर बसवत नाही, म्हणून ते गेले. अशा सभांतही हिशेब सहसा कोणी दाखवत नाही, हे त्यांना पुढे कळते.

तेव्हा जर्मनीचा कर नाशिकला नको. सरकारच्या हाताने आलेला पैसा मंडळीला माणसांपासून सोडवतो, आणि माणसे सुटली की मागे चांगल्या इमारती राहतात. भोपळ्याचा लिलाव चालू राहू दे. पण त्या लिलावात किती जमले, ते कुठे गेले, परदेशातून काही आले असेल तर किती, आणि आले नसेल तर शून्य, हे नोटीस बोर्डावर मराठीत लागले पाहिजे, म्हणजे बाहेरच्या संशयालाही उत्तर मिळेल आणि आतल्याही. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीच्या पुढच्या निवडणुकीत चौदा नाही, तर निदान पंचविशीतल्या मुलींची नावे उमेदवारांत दिसली पाहिजेत. आणि वार्षिक सभेत हिशेब वाचून झाल्यावर कोणी प्रश्न विचारायला उभा राहिला, तर त्याला ‘‘वेळ झाला, आपण शेवटची प्रार्थना करू या’’ असे सांगून खाली बसवणे थांबले पाहिजे.