मेफिल्डला काढून क्लीव्हलँडने काय मिळवलं?

डिसेंबर 2023 मध्ये मुंबई इंडियन्सने रोहितऐवजी हार्दिकला कॅप्टन केलं, तेव्हा घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर जे पेटलं होतं तेच इथे ओहायोत फुटबॉलच्या मोसमात दर सोमवारी ऐकू येतं. फक्त नाव क्वार्टरबॅकचं असतं. अमेरिकन फुटबॉलमध्ये जवळपास प्रत्येक आक्रमण याच्या हातून सुरू होतं, म्हणून हरलं की खापर त्याच्यावर. पण तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, संघ 32. म्हणजे पुष्कळांच्या वाट्याला मधल्या दर्जाचाच गडी येणार. त्याला काढायचं का? माझं उत्तर सोपं आहे: दुसरा हाताशी असल्याशिवाय नाही. ओहायोतल्या क्लीव्हलँड ब्राऊन्स संघाने आपला क्वार्टरबॅक बेकर मेफिल्ड काढला, ती याचीच गोष्ट.

मुंबईने 2024 मध्ये 14 पैकी 4 सामने जिंकले आणि तळ गाठला, पण रोहित सलामीला होताच. कॅप्टन बदलला तरी फलंदाज हातचा गेला नव्हता. क्वार्टरबॅकचं तसं नाही. त्याला दुसऱ्या जागी खेळवता येत नाही. तो बाकावर बसला तरी त्याचा पगार सॅलरी कॅपमध्ये, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेत, मोजला जातो. 2022 ला ही कॅप 20 कोटी 82 लाख डॉलर होती आणि त्यात 53 खेळाडू बसवायचे होते.

आधी दोष कुणाचा ते बघावं. समजा तिसरा डाऊन आहे, म्हणजे दहा यार्ड पुढे सरकायच्या चार प्रयत्नांतला तिसरा, आणि अजून आठ यार्ड बाकी आहेत. चेंडू हातात आल्यावर क्वार्टरबॅकला साधारण अडीच सेकंद मिळतात. त्याआधीच त्याला राखणारा टॅकल मागे ढकलला गेला, तर दोष लाइनचा, म्हणजे राखणाऱ्यांच्या फळीचा. पास झेलणारे दोन रिसीव्हर एकाच जागी येऊन थडकले, तर कोचचा किंवा चुकीचा रूट धावणाऱ्याचा. पण समोर मोकळं आहे, पंधरा यार्डांवर माणूस सुटलाय आणि याने तरी शेजारच्या रनिंग बॅककडे (चेंडू घेऊन धावणाऱ्याकडे) चार यार्डांचा पास टाकला, तर मात्र दोष याचाच. असे प्रसंग मोसमभर मोजावेत. नुसता स्कोअर बघून बोलणाऱ्यांना काय, तोंड आहे म्हणून बोलतात!

क्लीव्हलँड ब्राऊन्सने हे मोजमाप नेमकं चुकीच्या वर्षी केलं. बेकर मेफिल्डने 2020 मध्ये 26 टचडाऊन (गुण मिळवून देणारे पास) आणि 8 इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास) अशी कामगिरी केली, संघ 11-5 (11 विजय, 5 पराभव) राहिला आणि प्लेऑफमध्ये पिट्सबर्गला 48-37 हरवलं. पुढच्या मोसमात दुसऱ्याच सामन्यात त्याच्या डाव्या खांद्याचा लॅब्रम (सांध्याभोवतीची कूर्चा) फाटला. तो उजव्या हाताने फेकतो, पण फेकताना पुढचा, म्हणजे डावा, खांदा धड वळवतो. तो पट्ट्याने आवळलेला असला की पास वर जातात. आकडे 17 टचडाऊन आणि 13 इंटरसेप्शनवर आले, संघ 8-9. त्याला विश्रांती द्यायला हवी होती. संघाने त्याला खेळवत ठेवलं आणि मग त्याच आकड्यांवर निकाल दिला.

मार्च 2022 मध्ये ड्राफ्टच्या (नवे खेळाडू पाळीने निवडण्याच्या) पहिल्या फेरीतले तीन पिक, म्हणजे निवडीचे हक्क, आणि वर आणखी काही देऊन क्वार्टरबॅक देशॉन वॉटसन आणला, 23 कोटी डॉलरच्या पूर्ण हमीच्या करारावर. लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपांवरून त्याच्यावर 11 सामन्यांची बंदी आली, मग खांदा, मग टाचेचा स्नायुबंध. तीन मोसमांत मिळून तो 19 सामन्यांत सुरुवातीपासून खेळला. मेफिल्ड कॅरोलायनाच्या संघात गेला, तोही त्याच्या पगाराचा मोठा वाटा ब्राऊन्सने भरल्यावर. 2023 मध्ये त्याने टँपा बे या संघाला त्यांचा विभाग जिंकून दिला आणि 2024 मध्ये 41 टचडाऊन पास टाकले.

बदल करायचाच तर कॅन्सस सिटीसारखा. त्यांचा क्वार्टरबॅक अ‍ॅलेक्स स्मिथ बरा चालला असतानाच 2017 च्या ड्राफ्टमध्ये त्यांनी 27 वरून 10 व्या क्रमांकावर उडी मारून पॅट्रिक महोम्स घेतला आणि जवळजवळ वर्षभर बाकावर बसवून शिकवला. स्मिथ लीगमध्ये सर्वोत्तम पासर रेटिंग (पास टाकण्याच्या कामगिरीचा गुणांक) घेऊन बाहेर पडला आणि त्याच्या बदल्यात कॉर्नरबॅक (बचावातला खेळाडू) व तिसऱ्या फेरीचा पिकही मिळाला. नवा खेळाडू चार वर्षं स्वस्त करारावर असतो. वाचलेले पैसे लाइनवर आणि बचावावर घालता येतात. खरा फायदा तिथे आहे.

ब्राऊन्सलाही अखेर हे उमगलेलं दिसतं. 2025 च्या ड्राफ्टमध्ये त्यांनी दोन क्वार्टरबॅक घेतले: डिलन गॅब्रिएल तिसऱ्या आणि शेडूर सँडर्स पाचव्या फेरीत. दोघेही स्वस्तात. वॉटसनचा करार मात्र 2026 पर्यंतचा.