पणजोबांच्या रिव्हॉल्वरसाठी एक स्टार देणाऱ्या साहेबांना आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा अभिप्राय दोनदा वाचला. पणजोबांचं ठासणीचं (दारू आणि गोळी सुटी ठासून भरायचं) रिव्हॉल्वर आजच्या तयार काडतुसावर चालेल असं करून घ्यायला तुम्ही आमच्याकडे दिलंत. आम्ही ते तीन आठवडे ठेवून घेतलं, मग काम नाकारलं, वर तपासणीचे 1200 रुपये घेतले आणि दुकानात चार माणसांसमोर मी तुम्हाला बोललो, असं तुमचं म्हणणं आहे. "उद्यमनगरात एवढ्या लेथ पडल्यात, सहा भोकं आरपार करायला काय लागतंय?" असंही तुम्ही लिहिलंय.

आधी आमचं चुकलं ते सांगतो. त्या दिवशी काउंटरवर माझा मुलगा होता. रजिस्टरला नोंद करून त्यानं "बघून सांगतो" म्हटलं. हे काम आम्ही करत नाही, हे त्यानं तिथंच सांगायला पाहिजे होतं, आणि तुम्हाला फोन करायचा राहिला तो माझ्याकडून. आवाजही माझा चढला होता. चारचौघांत तसं बोलायला नको होतं. मनापासून माफी मागतो. 1200 रुपये परत देतोय.

पण काम मी आजही नाकारीनच, आणि ते का, हे तुमच्याइतकंच इथं वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळावं म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्याकडं आहे ते कोल्ट या अमेरिकन कंपनीचं 1851 चं नेव्ही मॉडेल, 36 बोरचं, लंडनच्या कारखान्यातलं. कोल्टनं तिथं 1853 पासून मोजकीच वर्षं माल काढला. सिलिंडर, म्हणजे बार भरायच्या सहा घरांचा फिरता गोल भाग, भिंगाखाली धरलात तर त्यावर जहाजांची लढाई कोरलेली दिसेल, खाली 16 मे 1843 ही तारीख. टेक्सास आणि मेक्सिकोच्या आरमाराची ती चकमक. तुमच्या सिलिंडरवरची शिडं अजून बोटाला लागतात. इतकं शाबूत कोरीवकाम माझ्या 27 वर्षांच्या धंद्यात मी क्वचितच हातात घेतलंय.

आता ते तीन आठवडे कशात गेले ते सांगतो. निपल, म्हणजे घरामागची ठिणगीची टोपी बसवायची बारीक नळी, काढताना तिसऱ्या घरात सळई पूर्ण उतरेना. आत बार तसाच ठासलेला होता, साहेब. पुढं शिशाची गोळी, मागं काळी दारू. कोरडी राहिली तर ही दारू शंभर-दीडशे वर्षांनीही पेटते. हे रिव्हॉल्वर तुमच्या घरात दिवाणखान्यात भिंतीवर होतं आणि पोरं घोडा ओढून बघायची, असं तुम्हीच हसत सांगितलं होतंत. तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते गेलेलं नाही. मागच्या बाजूनं तेल सोडून बार भिजवायला आणि गोळी सैल करून काढायला बारा दिवस लागले. यात घाई करता येत नाही.

दुसरं, बाहेरच्या अंगाला सिलिंडर अडवणाऱ्या ज्या खाचा असतात, त्यांच्या तळाशी घराची भिंत सगळ्यात पातळ असते. तुमच्या दोन घरांत नेमक्या त्याच जागी आतून गंजानं खड्डे पडलेत. हे लोखंड काळ्या दारूच्या दाबासाठी घडवलेलं. आजच्या काडतुसातल्या बिनधुराच्या दारूचा दाब त्यानं का सोसावा? शिवाय 36 हे नुसतं नाव. नळी आतून साधारण 0.375 इंच भरते आणि आजच्या 38 च्या काडतुसाची गोळी 0.357 इंचाची. ती नळीत धड बसणारही नाही.

"जगात सगळीकडं करतात" हे तुम्ही लिहिलंय, त्यात तथ्य आहे. आरपार भोकाच्या सिलिंडरचं पेटंट रोलिन व्हाइट या अमेरिकन कारागिरानं 1855 साली घेतलं, ते स्मिथ अँड वेसन या दुसऱ्या बंदूक कंपनीकडं गेलं, आणि 1869 मध्ये मुदत संपेपर्यंत कोल्टला त्याला हात लावता आला नाही. नंतर कोल्टनं स्वतःच्या कारखान्यात जुन्या धाटणीची रिव्हॉल्वरं काडतुसावर केली. त्यात सिलिंडरचा मागचा भाग बदलला, पाठीमागं वेगळी तबकडी आली, काडतूस भरायला झाकण आणि रिकामं ढकलायला दांडी आली. नुसत्या सहा भोकांवर ते कधीच भागलं नाही. आणि अमेरिकेत आज जे तयार सिलिंडर मिळतात, ते नव्यानं बनवलेल्या प्रतिकृतींसाठी आणि तिथल्या कायद्यात बसणारे.

आपल्याकडं 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 नुसार शस्त्राचं रूपांतर करायला त्याचा परवाना लागतो. आमचा परवाना विक्री आणि दुरुस्तीचा आहे. 2019 मध्ये कायदा बदलल्यापासून विनापरवाना रूपांतराच्या गुन्ह्याला किमान 7 वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. तुमच्या परवान्यावर प्रकार, बोर, नंबर लिहिलेला आहे. काडतुसावर केलेलं शस्त्र त्या नोंदीत बसत नाही, म्हणजे तुम्हीही अडकणार. कुणी लेथवाला "देतो की करून" म्हणाला तर कृपा करून देऊ नका. एवढ्याचसाठी त्या दिवशी माझा आवाज चढला.

रिव्हॉल्वर आता रिकामं आहे, गंज थांबवलाय, कोरीवकामाला पॉलिश लावलेलं नाही आणि तुम्हीही लावू नका, शिडं पुसली जातील. परवाना आणि पावती घेऊन या. 1200 रुपये पाकिटात काढून ठेवलेत. भिजवलेली दारू आम्ही नष्ट केली. तिसऱ्या घरातली शिशाची गोळी मात्र कागदाच्या पुडीत तुमच्या नावानं ठेवलीय. पणजोबांच्या हातची असावी, पुढं काय करायचं ते तुम्ही ठरवा.