गर्भाशय जागेवरच आहे, ताई

परवा ताईने एक मेसेज पुढे पाठवला आणि खाली लिहिलं, ‘हिची लांब उडी आता बंद करते.’ ही म्हणजे माझी भाची, वय तेरा. मेसेजचं नाव ‘डॉक्टरांचा इशारा’. कुठल्या डॉक्टरांचा, ते लिहिलेलं नाही. इशारे चार: उड्यांनी गर्भाशय सरकतं, पाळीत खेळलं की रक्त उलटं फिरतं, फार पळणाऱ्या मुलींची पाळी कायमची जाते, आणि बाईचं शरीर लांब पल्ल्यासाठी नाहीच. खाली अर्थातच ‘प्रत्येक आईपर्यंत पोहोचवा’.

आधी गर्भाशय, कारण ताई त्यालाच घाबरली. मेसेज वाचून वाटतं, आत खुंटीला पिशवी अडकवलीय आणि वाळूत आपटलं की निसटणार. गर्भाशय कमरेच्या हाडांच्या कड्यात बसलेलं असतं. पुढे मूत्राशय, मागे गुदाशय, दोन्ही बाजूंना लिगामेंट, म्हणजे धरून ठेवणारे चिवट पट्टे, खालून स्नायूंचा आधार. लोंबकळणारं काही असेलच तर ते पुरुषांचं, तेही शरीराबाहेर; पण ‘मुलांना लांब उडीपासून वाचवा’ असा मेसेज मला अजून आलेला नाही. अंग बाहेर येतं, हे खरं. त्यामागे मुख्यतः बाळंतपणं, वय, जुनाट खोकला, बद्धकोष्ठता असते. उड्या मारणाऱ्या काही जणींना उतरताना थेंबभर लघवी होते, हेही मान्य. त्याला ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम आहेत, घरी बसणं हा उपाय नाही.

ही भीती फक्त मेसेजवाल्यांची असती तर मी सोडून दिलं असतं. 2005 मध्ये आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष जियान फ्रँको कास्पर म्हणाले होते की, स्की जंपिंग (पायांना स्की लावून बर्फाच्या उतारावरून मारायची उडी) म्हणजे वर्षातून हजारेक वेळा दोन मीटरवरून जमिनीवर उडी मारण्यासारखं, आणि ते वैद्यकीयदृष्ट्या बायकांना योग्य वाटत नाही. बायकांना ऑलिंपिकमध्ये ती उडी मारायला 2014 चं सोची उजाडावं लागलं.

लांब पल्ल्याचा मुद्दा याहून संतापजनक आहे. 1928, ॲम्स्टरडॅम ऑलिंपिक, बायकांची 800 मीटरची शर्यत. जर्मनीची लीना राडके 2 मिनिटं 16.8 सेकंदांत जिंकली, विश्वविक्रम. शेवटी काही जणी धापा टाकत होत्या, एखादी खाली पडली. पुरुष पडत नाहीत? वर्तमानपत्रांनी मात्र हाहाकार छापला. एका अमेरिकी पत्रकाराने लिहिलं, अकरा जणी धावल्या, पाच मध्येच थांबल्या, पाच रेषेपलीकडे कोसळल्या. धावल्या होत्या नऊ. आणि नऊच्या नऊ जणींनी शर्यत पूर्ण केली. ज्याला बायका मोजता आल्या नाहीत, त्याने त्यांचं आरोग्य जोखलं! या गदारोळानंतर बायकांची 800 मीटर ऑलिंपिकमधून गेली ती थेट 1960 मध्ये रोमला परतली. मॅरेथॉन 1984 मध्ये आली आणि जोन बेनॉइटने ती 2 तास 24 मिनिटं 52 सेकंदांत संपवली. ताईचा मेसेज 1928 चाच आहे, फक्त तेव्हा फॉरवर्डचं बटण नव्हतं.

उलट्या रक्ताचं थोडक्यात. पाळीत थोडं रक्त गर्भनलिकांमधून पोटात जातं, पण ते बहुतेक बायकांत होतंच, दिवसभर झोपून राहणाऱ्यांतही.

उरला पाळी थांबण्याचा मुद्दा. यात तथ्य आहे, नाइलाजाने कबूल करते. शरीर जेवढं खर्च करतं तेवढं खाल्लं नाही तर पाळी थांबू शकते, हाडंही कमकुवत होतात. पण दोष पळण्याचा नाही, अपुऱ्या खाण्याचा. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी 2014 मध्ये यावर सविस्तर लिहिलं, आणि हा त्रास पुरुष खेळाडूंनाही होतो हे त्यातच नोंदवलं. तेव्हा भाचीचं ताट बघ. सलग तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांकडे ने, ज्यांना नाव आहे अशा.

एवढं सगळं वाचून ताईचं उत्तर आलं, ‘मग पाळीत सरावाला पाठवू का?’

तिलाच विचार. पोट तिचं आहे.