राजा पंतप्रधान नेमतो, निवडत नाही

सध्या एक दावा बराच फिरतो आहे. ब्रिटनला लेखी राज्यघटना नाही, पंतप्रधान नेमण्याचा अधिकार राजाकडे आहे, म्हणून तो वाटेल त्याला त्या पदावर बसवू शकतो. १९६३ साली राणीने खासदारांना डावलून एका उमरावाला पंतप्रधान केलेही. आणि जिथे राजेशाही आहे तिथे सगळीकडे हेच चालते, असा त्याचा आशय आहे.

यातले पहिले विधान अर्धे खरे आहे. तिथली राज्यघटना एका दस्तऐवजात नाही आणि नेमणूक राजाच्या विशेषाधिकारातूनच होते. मात्र नेमलेल्या माणसाला कनिष्ठ सभागृहाचा विश्वास टिकवावा लागतो आणि खर्चाला मंजुरीही तिथूनच मिळवावी लागते, हे दाव्यात गाळले आहे. राजा चौथ्या विल्यमने १८३४ साली पंतप्रधान मेलबर्नचे सरकार दूर करून त्या पदावर पीलला आणले. निवडणूक घेऊनही पीलला बहुमत मिळाले नाही, आणि १८३५च्या एप्रिलमध्ये राजाला त्याच मेलबर्नला परत बोलवावे लागले. हा प्रयोग पुढच्या एकाही ब्रिटिश राजाने केलेला नाही.

१९६३चा दाखला मात्र तपशिलात पाहायला हवा, कारण दाव्याची सगळी भिस्त त्याच्यावर आहे. तेव्हाचे पंतप्रधान मॅकमिलन शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात होते. १८ ऑक्टोबरला राजीनामा दिल्यावर, भेटीला आलेल्या राणी एलिझाबेथ यांना त्यांनी एक टिपण वाचून दाखवले. त्यात हुजूर पक्षाचे मंत्री, खासदार आणि उमराव यांच्या मतांची चाचपणी होती, आणि त्याचा कौल लॉर्ड होम यांच्या बाजूने दिला होता. म्हणजे नाव राजवाड्यातून आले नव्हते. शिवाय राणीने होम यांना लगेच पंतप्रधान नेमले नाही. सरकार बनवता येते का ते आधी पाहा, असे सांगितले, आणि प्रतिस्पर्धी बटलर यांनी त्यांच्या मंत्रिमंडळात येण्याचे मान्य केल्यावर दुसऱ्या दिवशी नेमणूक झाली. जाणाऱ्या पंतप्रधानाच्या एकट्याच्या टिपणावर इतके विसंबायला नको होते, ही टीका मला रास्त वाटते; पण तो आक्षेप मनमानीचा नव्हे, उलट अतिसावधपणाचा आहे. मुळात पक्षाकडे नेता निवडण्याची पद्धतच नव्हती. १९६५ साली मतदान सुरू झाले आणि ती फट बुजली.

‘सगळीकडे हेच’ हे तर सरळ चूक आहे. स्वीडनमध्ये १९७५पासून पंतप्रधानपदासाठी नाव संसदेचे अध्यक्ष सुचवतात. राजाचा त्यात संबंधच उरलेला नाही. स्पेनमध्ये राजा नाव सुचवतो, निर्णय सभागृहाचा असतो: २०२३ साली फेलिपे यांनी १३७ जागांच्या सर्वांत मोठ्या पक्षाचे फेइहो यांचे नाव पुढे केले, ३५० सदस्यांच्या सभागृहाने ते दोनदा फेटाळले, आणि नोव्हेंबरमध्ये १२१ जागांच्या पक्षाचे सांचेझ १७९ मतांनी निवडून आले.

दाव्याला थोडाफार आधार सापडतो तो मलेशियात. तिथल्या राज्यघटनेत बहुमताचा विश्वास कोणाला लाभेल हे राजाने आपल्या विचाराने ठरवावे असे लिहिलेले आहे, आणि २०२०च्या फेब्रुवारीत राजाने खासदारांना राजवाड्यात बोलावून प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारले होते. तरी प्रश्न बहुमताचाच होता. त्या चाचपणीनंतर नेमले गेलेले मुह्यिद्दीन यांना, खासदारांचा पाठिंबा आटल्यावर, २०२१च्या ऑगस्टमध्ये त्याच राजाकडे राजीनामा द्यावा लागला.