पीएसए तपासणीचा ‘सापळा’ आणि सोयीपुरते उचललेले आकडे

‘पीएसए तपासणी हा सापळा आहे, बायोप्सीची सुई टोचली की कर्करोग अंगभर पसरतो, शस्त्रक्रिया झालेला पुरुष जन्मभर डायपरमध्ये राहतो, आणि प्रोस्टेटच्या कर्करोगाने मुळात कोणी मरतच नाही, तेव्हा त्रास नसेल तर तपासूच नका,’ असा संदेश सध्या फिरतो आहे. (प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी; पीएसए हे तिच्यात तयार होणारे प्रथिन, ते रक्तात किती आहे हे तपासणीत मोजतात; आणि बायोप्सी म्हणजे ग्रंथीचे बारीक तुकडे सुईने काढून तपासणे.) माझ्या थोरल्या भावाने तो वाचून ठरलेली बायोप्सी पुढे ढकलली, म्हणून हे उत्तर.

सुईचा मुद्दा आधी संपवतो. सुईच्या वाटेवर कर्करोगाच्या पेशी रुजल्याची उदाहरणे अत्यंत विरळ आहेत. बायोप्सीचा खरा धोका जंतुसंसर्गाचा असतो, आणि गुदाशयातून न घालता गुदद्वाराच्या पुढच्या त्वचेतून सुई घातल्यास तोही कमी होतो. ‘त्रास नसेल तर’ हा सल्ला तर शरीररचनाच विसरतो. हा कर्करोग बहुतेक वेळा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात, मूत्रमार्गापासून दूर सुरू होतो, त्यामुळे सुरुवातीला लघवीची तक्रार नसते. ती तक्रार बहुधा ग्रंथीच्या वयोमानाने होणाऱ्या साध्या, कर्करोग नसलेल्या वाढीची असते.

‘कोणी मरत नाही’ हे विधान मात्र संतापजनक आहे. २०२२ या एका वर्षात या आजाराने जगभरात सुमारे ३,९७,००० पुरुष दगावले, असा जागतिक अंदाज आहे. तरीही हे विधान पसरते, कारण त्यामागे एक खरा आकडा आहे. ब्रिटनमधील ‘प्रोटेक्ट’ या संशोधन-चाचणीत प्रोस्टेटचा कर्करोग निघालेल्या १,६४३ पुरुषांना चिठ्ठी टाकल्यासारखे देखरेख (लगेच उपचार न करता वेळोवेळी तपासत राहणे), शस्त्रक्रिया आणि किरणोपचार अशा तीन गटांत वाटले होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सुमारे १५ वर्षांनंतर तिन्ही गटांत मिळून केवळ ४५ जण, म्हणजे २.७ टक्के, या कर्करोगाने मरण पावले होते आणि गटागटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. संदेशकर्त्याने एवढेच उचलले. पण हे सगळे पुरुष पीएसए तपासणीतूनच सापडले होते, बायोप्सीनेच त्यांचे निदान झाले होते, आणि देखरेख गटातल्या सुमारे ६१ टक्के जणांवर पुढे केव्हा ना केव्हा शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार झाले. जे करू नका म्हणून संदेश सांगतो, नेमके ते केलेल्यांचे हे आकडे आहेत! शिवाय देखरेख गटात ९.४ टक्के जणांचा कर्करोग ग्रंथीबाहेर दूरवर पसरला; शस्त्रक्रियेच्या गटात हे प्रमाण ४.७ टक्के होते.

डायपरचा मुद्दा याच चाचणीवर तपासता येतो, आणि इथे थोडे मान्य करावे लागते. शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी ४६ टक्के पुरुष लघवी गळते म्हणून पॅड वापरत होते. सहा वर्षांनी हे प्रमाण १७ टक्क्यांवर आले, पण देखरेख गटात ते ८ टक्केच होते, आणि पुढे वयाबरोबर दोन्हीकडे ते वाढले. म्हणजे शस्त्रक्रिया झालेला प्रत्येक जण जन्मभर डायपरमध्ये राहतो हे खोटे, आणि ‘काहीच होत नाही’ असे कोणी सांगत असेल तर तेही खोटे. लैंगिक क्षमतेची हानी याहून मोठी असते. पुरेशी ताठरता उपचारांआधी सुमारे ६७ टक्के जणांत होती, ती शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी १२ टक्के आणि सहा वर्षांनी १७ टक्के जणांत उरली. देखरेख गटातही ती सहा वर्षांत ३० टक्क्यांवर आली, म्हणजे सगळा दोष शस्त्रक्रियेचा नव्हे. तरी हे आकडे रुग्णाला शस्त्रक्रियेपूर्वी स्पष्ट सांगायलाच हवेत.

‘सापळा’ या आरोपात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने कबूल करतो. पीएसए साध्या वाढीने आणि संसर्गानेही वाढते, आणि जन्मात कधी त्रास न देणारे कर्करोगही या तपासणीत उघडे पडतात. पीएसए तपासणीचा उपयोग जोखणाऱ्या, १९९० च्या दशकात सुरू झालेल्या युरोपीय संशोधन-चाचणीच्या २३ वर्षांच्या पाठपुराव्यात, तपासणीसाठी बोलावलेल्या दर ४५६ पुरुषांमागे या कर्करोगाचा एक मृत्यू टळला. लाभ छोटा आहे, पण खरा आहे. म्हणूनच अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०१८ मध्ये ५५ ते ६९ या वयोगटातील पुरुषांनी डॉक्टरांशी बोलून स्वतः निर्णय घ्यावा असे सांगितले आणि सत्तरीनंतर सरसकट तपासणी नको असे म्हटले. वाढलेले पीएसए पुन्हा मोजणे, मग एमआरआय, मग गरज असेल तरच बायोप्सी, आणि कमी धोक्याची गाठ निघाली तर नुसती देखरेख, असा आजचा क्रम आहे. भावाच्या बाबतीत पहिल्या दोन पायऱ्या होऊन गेल्या होत्या आणि एमआरआयमध्ये संशयास्पद भाग दिसला होता, म्हणूनच बायोप्सीची तारीख ठरली होती.