आधी शटर, मग चकती

परवा पहाटे जॉर्जियातल्या तिबिलिसीहून परत आले. माझ्या पिशवीत एक बंद पडलेला सोव्हिएत कॅमेरा आहे, ज्याचे पूर्ण पैसे मी मोजले आहेत आणि जो मी बिघडवलेला नाही. हे वाक्य विमानात मी इतक्या वेळा मनाशी घोळवले की शेवटी हवाईसुंदरीने काही हवे आहे का म्हणून विचारले.

तिबिलिसीत 'कोरडा पूल' नावाचा एक पूल आहे, ज्याच्याखालून आता नदीऐवजी मोटारी वाहतात. सोव्हिएत संघ कोसळल्यावर लोकांनी घरातले किडूकमिडूक या पुलाच्या आसपास विकायला मांडले, आणि तो बाजार अजून उठलेला नाही. पदके, समोवार, झुंबरांचे लोलक आणि त्यांच्या मधोमध माझे दैवत: चावीची घड्याळे आणि फिल्मचे कॅमेरे. सहलीच्या व्यवस्थापकाने चाळीस मिनिटे दिली होती. नवरा चुंबके घ्यायला दुसऱ्या टोकाला गेला होता, हे आता मी त्याच्या खात्यावर मांडून ठेवले आहे.

मला 'पोबेदा' हवे होते. पोबेदा म्हणजे विजय. महायुद्ध जिंकल्यावर १९४६ मध्ये आलेले हे १५ ज्वेलचे, म्हणजे आत घर्षण कमी करणारे १५ बारीक खडे असलेले साधे घड्याळ, आत यंत्र मुळात फ्रेंच घराण्याचे. माझ्याकडे एक पोबेदा आहेही, पण ते चोरबाजारातले. त्याची तबकडी इतकी नारिंगी आहे की ती मॉस्कोत नव्हे, शेजारच्याच गल्लीत रंगवली असणार, हे मला दोन वर्षांनी कळले. जुन्या घड्याळांवर भडक तबकड्या चढवण्याच्या या कलेला परदेशी संग्राहक मुंबईचेच नाव देतात. आपल्या शहराचे नाव जगात कशाकशाने होते! तेव्हापासून मी जमेल तितके उगमाकडे जाऊन घेते. उगमाशी बसलेल्या म्हाताऱ्याने मात्र मी पोबेदा मागताच बाईमाणूस पाहून नखाएवढे 'झार्या' पुढे केले. मी मान हलवली, तेव्हा त्याने 'चायका' काढले. अंतराळात गेलेल्या पहिल्या बाई, तेरेश्कोवाबाई, १९६३ मध्ये ज्या नावाने तिथून बोलल्या, ते या घड्याळाचे नाव. बाई अंतराळात गेली तरी तिच्या नावाचे घड्याळ माझ्या वाट्याला आले ते नखाएवढेच.

"ताई, मिस्टरांसाठी बघताय?"

हे आमच्या सहलीतले नाशिकचे काका. तेहतीस वर्षे बँकेत काढलेली, तारण ठेवलेल्या सोन्याकडे बघून बघून आता जगातल्या प्रत्येक वस्तूकडे त्याच नजरेने पाहणारे.

"नाही, माझ्यासाठी."

"असं? पण हे चावीचं दिसतंय. रोज चावी द्यायची?"

"हो."

"आणि विसरलात तर?"

"तर बंद पडतं."

"बघा!" काका म्हणाले आणि खटला जिंकल्यासारखे त्यांनी आजूबाजूला पाहिले. आजूबाजूला एक जॉर्जियन कुत्रा होता.

घड्याळाचा नाद सोडून मी कॅमेऱ्याकडे वळले. 'झोर्की-४'. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमध्ये झालेला, क्रमांकाचे पहिले दोन आकडे ६७, म्हणजे साल १९६७, माझ्या थोरल्या बहिणीच्या वयाचा आणि तिच्यासारखाच वजनदार व निमूट. मी भाव १२० लारीपर्यंत खाली आणला होता. आता लेन्स काढून, शटरचा कापडी पडदा उजेडाकडे धरून त्याला भोके आहेत का ते पाहायचे, एवढेच उरले होते. तेवढ्यात "द्या बघू" म्हणून काकांनी तो माझ्या हातातून घेतला.

इथे एक नियम सांगणे भाग आहे, कारण माझ्या दुःखाचे सगळे यंत्रशास्त्र त्यातच आहे. या कॅमेऱ्यात आधी मूठ फिरवून शटर ताणायचे आणि मगच वेगाची चकती फिरवायची. उलटे केले तर आतले बिघडू शकते. मी "काका, थांबा" म्हणाले. "अहो, आमच्याकडे याशिका होता," असे म्हणत काकांनी ती चकती, गॅसच्या शेगडीची कळ फिरवावी तशी, जोर लावून फिरवली. आतून 'कट्' असा अगदी लहान, सभ्य आवाज आला. नंतर मूठ हलेना आणि बटण दबेना.

म्हातारा रागावला नाही. रागावला असता तर बरे वाटले असते. त्याने शांतपणे कॅल्क्युलेटर उचलला आणि १५० दाबून माझ्यापुढे धरला. माझ्यापुढे! मघाचे १२० कुठे गेले ते मी खाणाखुणांनी विचारले, तर त्याने पुन्हा १५०च दाबले.

"मोडल्यावर वस्तू महाग होते, हे प्रथमच पाहिलं," काका म्हणाले. "अर्धे मी दिले असते ताई, पण माझ्याकडे सुटे नाहीत."

मी १५० लारी दिले, म्हणजे साडेचार-पाच हजार रुपये. का दिले, असे नवऱ्याने विचारले. परक्या देशात, आपल्याच माणसाकडे बोट दाखवून, येत नसलेल्या भाषेत भांडायचे कसे, हे त्याने मला शिकवावे.

पुढच्याच चादरीवर काकांनी सुटे नसलेल्या पैशांतून ३०० लारी काढले आणि एक सोनेरी 'लायका', म्हणजे नामांकित जर्मन कॅमेरा, घेतला. वर गरुड, खाली युद्धकाळातले जर्मन शिक्के. बसमध्ये तो हातोहात फिरला. माझ्याकडे आला तेव्हा मी लेन्स काढून आत पाहिले. खऱ्या लायकात तिथे एक बारीक गोल चाक असते. याच्यात पाचरीसारखी जीभ होती. म्हणजे हाही झोर्की, नाहीतर त्याचा पूर्वज 'फेड'. खार्किवमधल्या बेघर, अनाथ मुलांच्या वसाहतीत १९३४ पासून लायकाची नक्कल म्हणून तो होऊ लागला, आणि त्याचे नाव सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या संस्थापकाच्या आद्याक्षरांवरून ठेवले. त्याच फेडच्या आराखड्यांवरून १९४८ मध्ये झोर्की निघाला. नंतर कुणीतरी अशांना घासून, सोनेरी करून पुन्हा जर्मन केले.

हे सगळे मी बसमध्ये सांगितले. चाक आणि जीभ यांतला फरक बोट घालून दाखवला. मला वाटले, निदान कुतूहलाने तरी कुणी वाकून बघेल.

"ताई," काका अतिशय मऊ आवाजात म्हणाले, "तुमचा राग मी समजू शकतो."

सगळी बस माझ्याकडे दयेने बघू लागली. काकूंनी चिवड्याची पिशवी पुढे केली आणि "घ्या हो, द्या सोडून," म्हणाल्या. खरे सांगायचे तर मी रागानेच बोलले होते, पण म्हणून ती जीभ काही चाक होत नाही. चिवडा मी घेतला. चांगला होता, याचाही राग आला.

आज सकाळी काकांनी सहलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला आहे. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, गणपती आणि निवृत्तीचे मानचिन्ह यांच्या मधोमध, 'अस्सल जर्मन, दुसरे महायुद्ध' अशी चिठ्ठी लावून तो गरुड बसला आहे. खाली सव्वीस अंगठे आहेत. त्यांतला एक माझ्या नवऱ्याचा.